सराईच्या फॉर्मची मागची बाजू

काका, तुम्ही गेल्यावर मागच्या आठवड्यात तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सहा जण बोलले आणि सहाही जण खोटं बोलले. शांत स्वभावाचे, मनमिळाऊ, कधी कुणाचं मन दुखावलं नाही. मी मागच्या रांगेत दात आवळून बसले होते. तुम्ही आणि मनमिळाऊ? तुमची सगळी नोकरी बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात गेली आणि त्या नोकरीत एकाही साहेबाशी तुमचं पटलं नाही, हे तुम्हीच मला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. भिंतीची जाडी दोन इंच वाढवून लिहा म्हणाला म्हणून एका इंजिनिअरच्या टेबलावर तुम्ही टेप उलगडून ठेवला होता आणि म्हणाला होतात, "या साहेब, संगंच मोजू." अशा माणसाला मनमिळाऊ म्हटलं की त्याचं काहीच शिल्लक राहत नाही.

सहावा बोलणारा तालुक्याच्या कार्यालयातला साहेब होता. ज्याच्या सहीनं तुम्ही मोजलेली ती जुनी सराई पाडली गेली, तोच. "जुन्या इमारतींच्या सर्वेक्षणाचा आधारस्तंभ गेला," असं तो माइकवर म्हणाला आणि खिशातून रुमाल काढला. मी उठले होते. काकूंनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाल्या, "बसा बाई. त्यायचा दिवस हाय आज." मी बसले. राग मात्र बसला नाही. तो अजून तसाच आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातला बराचसा तुमच्यावर आहे.

दीड वर्ष आपण या जिल्ह्यात टेप घेऊन फिरलो. कुठल्याही यादीत नसलेल्या जुन्या इमारतींची नोंद करायची, म्हणजे पुढं त्या जपता येतील, असं ते काम होतं. मी कॉलेजात इतिहास शिकवते म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मोजमाप येणारा माणूस हवा होता, तेव्हा कुणीतरी तुमचं नाव सुचवलं आणि वर हेही सांगितलं की जरा जपून राहा, माणूस वाकडा आहे. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या हातून वही काढून घेतली, मी अंदाजानं लिहिलेली उंची खोडली आणि म्हणालात, "अंदाज घरी करा बाई. पोयीच्या पिठाचा."

टेपचं शून्याचं टोक तुम्ही कधी दुसऱ्याला धरू दिलं नाही. चूक होते ती शून्यापाशीच होते, असं तुमचं म्हणणं. तुम्ही भिंतीला टोक दाबून धरायचं, मी दुसरीकडून आकडा वाचायचा, आणि तुम्ही म्हणायचं, "परत." मग मी तो परत वाचायचा. दोन वेळा एकच आकडा आला तरच तो वहीत जायचा. उन्हात माझं डोकं तापलेलं, तुमचं आपलं चालूच, परत, परत. घरी नवरा काही बोलला तर मीसुद्धा "परत" म्हणायला लागले होते, एवढी ती सवय अंगात मुरली.

दुसरी तुमची खोड म्हणजे तोंडी काही धरायचं नाही. गावात कुणी म्हातारा उत्साहानं सांगायला लागला की हा बुरूज अमक्यानं बांधला, तर तुम्ही त्याच्यापुढं वही धरायचात. "तोंडी नको, लेखी द्या." म्हातारा बिचकायचा. मी तुमच्यावर चिडायचे, कारण आलेली माणसं निघून जायची. तुम्ही म्हणायचात की बोललेलं हवेत जाते, अन् हवेतलं उद्या कोणी बी आपल्या नावानं लावून घेते.

कारंज्याला एका जुन्या कमानीपाशी एका गृहस्थानं तुम्हाला विचारलं होतं, आठवतं? मला नाही विचारलं, तुम्हालाच. "आपलं आडनाव काय म्हणता?" मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला, कारण माझ्या माहेरी तो असाच, याच आवाजात विचारला जातो. तुम्ही शांतपणे टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हणालात, "आडनाव मोजाले लागत नाही भाऊ. ताणून धरा." आणि त्यानं धरलं. अर्धा तास तो माणूस टेप ताणून उभा होता. परतीच्या एसटीत मी हसून हसून बेजार झाले. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. तुम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं, हे मला वाशीम आल्यावर कळलं, आणि मग मला माझाच राग आला.

आता भांडणाचं बोलू. नोंदीच्या फॉर्ममधल्या स्थितीच्या रकान्यावरून आपण केनवडच्या बाजारात चहाच्या टपरीवर भांडलो होतो. त्या फॉर्ममध्ये तीन चौकोन आहेत. चांगली, साधारण, धोकादायक. एकावर खूण करायची. इमारतीची एक भिंत जरी खचलेली असली तरी तुम्ही धोकादायकवर खूण करायचात. मी म्हणाले, काका, हा शब्द नका वापरू, सरकारी लोक घाबरट असतात. तुम्ही बशीत चहा ओतला आणि म्हणालात, "आजारी माणसाले ठणठणीत लिहलं तं डाक्टर येईन का?" दुरुस्तीची रांग लागेल तेव्हा धोकादायकचा नंबर पहिला लागेल, असा तुमचा हिशेब होता. तो हिशेब चुकीचा होता, काका. तुम्ही आयुष्यभर सरकारी नोकरी करूनही सरकारचा कागद कोणी कशासाठी वाचतं हे तुम्हाला कळलं नव्हतं. हे मी आजही म्हणेन.

सराईच्या दिवशी माझी परीक्षेची ड्युटी होती, म्हणून तुम्ही एकटे गेलात. त्या गावाचं नाव इथं लिहीत नाही, तिथल्या लोकांना पुरेशी लाज वाटायला नाव लागणार नाही. जुन्या वाटेवरची वाटसरूंच्या मुक्कामाची जागा, सात कमानी, आत कुणाचा तरी कडबा रचलेला. तुम्ही ती मोजून आलात आणि आठवडाभर दुसरं काही बोलला नाहीत. विटा अशा, चुना असा, अशी कमान आपल्याकडं दुसरी नाही. मग सोळा फॉर्मचा गठ्ठा माझ्याकडं दिलात आणि म्हणालात, "सही कराच्या अगुदर नजर टाका." मी स्टाफरूममध्ये बसून, एका हातात डबा, एका हातात पेन, दुसऱ्या सहीच्या जागी सोळा सह्या ठोकल्या आणि गठ्ठा जमा करून आले.

चार महिन्यांनी सराई पडली. जेसीबीला एक सकाळ पुरली. तिथं आता दुकानांचे गाळे होणार आहेत. मी पोचले तेव्हा कडबा नीट बाजूला काढून ठेवलेला होता, विटा मात्र ट्रॅक्टरमध्ये चालल्या होत्या, कुणाच्या तरी गोठ्याला. पाडण्याच्या आदेशाला आपल्या फॉर्मची झेरॉक्स जोडलेली होती. तज्ज्ञांनी केलेल्या पाहणीनुसार इमारत धोकादायक. तज्ज्ञ म्हणजे तुम्ही आणि मी. जपण्यासाठी केलेल्या नोंदीवरून ती पाडली गेली. दीड वर्ष उन्हातान्हात फिरून आपण त्यांना पाडायची यादी करून दिली होती.

ती झेरॉक्स घेऊन मी सरळ तुमच्या घरी आले. तुम्ही ओट्यावर पेपर वाचत होतात, काकू चहा टाकायला आत गेल्या. मी बसलेसुद्धा नाही. कागद तुमच्या मांडीवर टाकला आणि म्हणाले, "सराई जेसीबीनं नाही पाडली काका, तुम्ही पाडली."

तुम्ही चष्मा लावून तो कागद वाचला. मग उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिच्याकडं तुम्ही फार वेळ बघत बसलात, आणि मला वाटलं, माझ्याकडं बघायची हिंमत नाही म्हणून बघताहेत. मग विचारलंत, "मूळ कागद कुठी हाय?"

"मला काय माहीत? सही तुमची आहे ना?"

"सही माहीच हाय."

एवढंच. दुसरी सही कोणाची आहे, हे तुम्ही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी कागद उचलला आणि चहा न पिता निघाले, काकू हातात कप घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांच्याकडंही मी पाहिलं नाही. त्यानंतर तीन आठवडे मी फोन केला नाही. तुमचा येईल म्हणून वाट बघत होते, आला की आधी चांगलं ऐकवायचं आणि मग हळूहळू बोलायला लागायचं, असं मनात ठरवूनही टाकलं होतं. फोन आला तो तुमच्या मुलीचा. सकाळी दाढी करता करता बसले आणि गेले, म्हणाली. अर्धी दाढी राहिली होती, हे ती दोनदा बोलली.

पुण्यानुमोदनाचं जेवण चालू असताना काकूंनी मला आतल्या खोलीत नेलं आणि तुमची कच्ची वही हातात दिली. म्हणाल्या, "तुमी येऊन गेल्या नं, त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून तीन डाव गेले थे तालुक्याले. यष्टीनं, या उन्हात. एक डाव म्हने साहेब सुट्टीवर हाय, एक डाव म्हने कागद वर गेला. म्या म्हटलं, काहून जीव काढता, वही तं हाय, थेच बाईले दाखवा. तं म्हणे, वही घरची अन् कागद हापिसाचा. घरच्या वहीत कोणी बी काई बी लिहीन. मूळ कागद भेटल्याबिगर बाईकडं जाणार नाही म्हणे."

मी वही उघडली. सराईच्या पानावर तुमचं ते ठसठशीत अक्षर. शेऱ्याला फॉर्मवर एकच ओळ असते, म्हणून तुम्ही सगळं मागं लिहायचं ठरवलं होतं आणि त्याचा कच्चा मसुदा तिथं होता. दुसऱ्या दिवशी कॉलेजला दांडी मारून मी तालुक्याला गेले. तुम्हाला तीन खेपांत न मिळालेला कागद मला वीस मिनिटांत मिळाला, कारण मी ओरडले. तुम्ही बाकावर बसून राहिला असाल, टोपी मांडीवर ठेवून. मूळ फॉर्म त्याच कार्यालयात, त्याच कपाटात होता. वरबिर कुठं गेला नव्हता.

पुढच्या बाजूला तळाशी, बारीक अक्षरात, तुम्ही लिहिलं होतं: सविस्तर शेरा पाठीमागे. आणि पाठीमागे: "एकूण सात कमानी. सहा ठोक व भक्कम आहेत. फक्त वायव्येकडचा कोपरा खचला आहे, तेवढाच धोकादायक. चार टेकू द्यावेत व विटांमधल्या दरजा चुन्याने भरून घ्याव्यात, म्हणजे इमारतीस काही होत नाही. पाडण्याचे कारण नाही." शेवटच्या वाक्याखाली तुम्ही रेघ मारली होती. पट्टी धरून.

मी तिथल्या बाबूला विचारलं, हे वाचलं होतं का? तो म्हणाला, "मांगच्या बाजूनं लिहाचंच नसते बाई. आमी एकच बाजू झेरॉक्स करून पाठवतो." मग साहेबाकडं गेले. साहेबानं खुर्ची सरकवली, चहा मागवला आणि म्हणाला, झालं ते झालं, आता सराई काही परत येणार नाही, काका तर देवमाणूस होते. त्या टेबलावर मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तुम्ही असतात तर टेप उलगडून ठेवला असतात. मला फक्त ओरडता येतं.

बाहेर येऊन कट्ट्यावर बसले आणि पिशवीतली ती झेरॉक्स काढली, तुमच्या मांडीवर टाकली होती तीच. तिच्यावरही तळाशी ती ओळ होती. सविस्तर शेरा पाठीमागे. महिनाभर तो कागद मी पिशवीत घेऊन फिरत होते. गठ्ठ्यावर सह्या करतानाही ती ओळ तिथं होतीच. मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आलेय की कागद पूर्ण वाचा, कागदावर विश्वास ठेवायच्या आधी तो उलटून बघा. बाबूवर ओरडण्याचा अधिकार मला कितपत होता, हे मला त्या कट्ट्यावर कळलं. तरी ओरडले ते बरंच झालं, तुमच्यासाठी कुणीतरी ओरडायलाच हवं होतं.

आता एकच फॉर्म राहिला होता, तुमच्या जन्मगावच्या बारवेचा. मंगरूळपीरच्या अलीकडं, रस्त्याला लागून, आणि ती बुजवायचं घाटत होतं. ती तुम्ही शेवटपर्यंत मागं ठेवली होती आणि मोजायला गेलो तेव्हा तुम्ही पायऱ्या सोडून आधी वरच्या काठावर गेलात. तिथल्या एका दगडाला खळगा पडलेला आहे. "हा मोजा," म्हणालात. नऊ इंच रुंद, दीड इंच खोल. परत. नऊ, दीड. कारण विचारलं तेव्हा सांगितलंत, "माही माय इथीसा घागर ठिऊन उभी राहे. आमच्या लोकायले खाली उतरू देत नव्हते. कोणी बाई पाणी घेऊन वर आली अन् तिच्या मनात आलं, तं वरून वते. एकट्या माह्या मायचा नाही हा खळगा. किती बायाच्या घागरीचा हाय कोणाले माहीत."

मी म्हणाले, मग ही जपायची कशाला? बुजवताहेत तर बुजवू दे की.

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मला खाली बघावं लागलं. "बुजवली तं उद्या म्हणतीन, असं काई नव्हतंच. दगड हाय तवर दाखवता येते."

ऐतिहासिक महत्त्वाच्या रकान्यात हे जसंच्या तसं लिहा, असा तुमचा हट्ट होता. मी म्हणाले, वाद होईल, फॉर्म बाजूला टाकतील, आपण दगडकामाचं लिहू, हे नंतर बघू. तुम्हाला ते कारण खरं वाटलं की नाही कोण जाणे. खरं ते नव्हतंच. माझ्या माहेरच्या विहिरीवरही एक वरचा काठ आहे आणि तिथं कोण उभं राहायचं ते मला लहानपणापासून माहीत आहे. पाणी ओतायचं की नाही, हे ठरवणाऱ्या बायका आमच्या घरातल्या होत्या. तुमच्यापुढं बसून ते वाक्य माझ्या हातानं लिहायची मला लाज वाटली, आणि ती लाज मी फॉर्मच्या काळजीखाली लपवली. तो रकाना रिकामा राहिला. वाद अर्धा राहिला, तुमच्या दाढीसारखा.

रविवारी मी काकूंना घेऊन बारवेवर गेले. वहीत तुमचे आकडे होते, पण फॉर्म भरायच्या आधी ते एकदा ताडून बघायला हवे होते, तुम्ही असंच केलं असतं. शून्याचं टोक काकूंना दिलं. लग्न होऊन या गावात आल्यापासून त्या बारवेत कधी उतरल्या नव्हत्या. तुमच्या आईनं सांगितलं होतं, आता कोणी अडवत नाही, पण आपल्याले काय गरज. चप्पल काढून, पदर खोचून त्या पायरी पायरीनं खाली गेल्या, टोक दगडाला दाबून धरलं, आणि मी आकडा वाचल्यावर खालून आवाज आला, "परत." मला वाटलं नव्हतं त्यांना हे माहीत असेल. दीड वर्ष तुम्ही घरी जाऊन काय काय सांगत होतात कोण जाणे. मी आकडा परत वाचला, आणि मगच लिहिला.

फॉर्म मी तिथंच काठावर बसून भरला. तिन्ही चौकोन रिकामे ठेवले. स्थितीपुढं लिहिलं की पूर्वेकडच्या नऊ पायऱ्या ढासळल्या आहेत, बाकी सगळ्या ठोक आहेत, पाडण्याचे व बुजवण्याचे कारण नाही. तुमचंच वाक्य, तुमच्यासारखीच रेघ, पट्टी धरून. महत्त्वाच्या रकान्यात तुमच्या आईचं नाव लिहिलं, खळग्याचं माप लिहिलं, आणि कोणाला खाली उतरू देत नव्हते आणि कोण उतरू देत नव्हतं, दोन्ही लिहिलं. जागा पुरली नाही तेव्हा समासात गेले, समास संपला तेव्हा "कार्यालयीन उपयोगासाठी" लिहिलेल्या मोकळ्या चौकटीत घुसले. मागची बाजू कोरी ठेवली. तिच्यावर आडवी रेघ मारून सही केली, म्हणजे कुणी नंतर तिथं काही लिहायला नको.

सोमवारी तोच बाबू. कागद हातात घेतला आणि म्हणाला, "चौकोन रिकामे हायेत बाई. अन् पयली सही?"

"ते वारले. मोजमाप त्यांचं आहे, तसं लिहिलंय. वाचा."

"ठेवा, वाचतो मांगून."

"आत्ता वाचा. मोठ्यानं."

त्यानं वाचलं. खळग्यापाशी आल्यावर त्याचा आवाज जरा खाली आला आणि पुढं त्यानं कुणाकडं न बघता वाचलं. मग पोचेचा शिक्का मारला. बारव वाचेल की नाही, मला माहीत नाही. बुजवायची झालीच तर त्यांना या कागदावरून बुजवता येणार नाही, एवढं मी बघितलंय.

राहिलं एक. माणसं मला सांगताहेत की मनातल्या मनात माफी मागा, काकांपर्यंत पोचेल. त्यांना तुम्ही माहीत नाहीत. तुम्ही तोंडी कधी धरलं नाहीत, मग मनातलं काय धरणार. म्हणून लेखी देते. सराई तुम्ही पाडली, असं मी तुमच्या ओट्यावर, आत काकूंना ऐकू जाईल असं बोलले होते. ते खोटं होतं. त्या फॉर्मवर दुसरी सही माझी आहे आणि मी कागद उलटला नव्हता. माझं ते बोलणं मी मागं घेते. आणि तुम्ही सवयीनं "परत" म्हणणार, म्हणून परत लिहिते. सराई तुम्ही पाडली नाही, काका.